स्ट्रिंग थिअरी: न बोलावता आलेलं गुरुत्वाकर्षण

प्रश्न तीन पदरी आहे. निसर्गातले कण म्हणजे कंप पावणाऱ्या अतिसूक्ष्म तारा, स्ट्रिंग, असं मानणाऱ्या स्ट्रिंग थिअरीने पन्नाशी ओलांडली, तरी तिच्या बाजूने एकही थेट प्रयोग नाही; मग तिला भौतिकशास्त्र म्हणायचं की नुसतं गणित? तिच्यामुळे आधुनिक भौतिकशास्त्राचा पाया डळमळला आहे का? आणि आज पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याने या वाटेला जावं का?

मी पंचवीस वर्षं या विषयात काम करते आहे आणि तो शिकवतेही आहे. माझा जीव त्यात गुंतलेला आहे, हे आधीच सांगते. तरी जिथे थिअरीची बाजू पडती आहे, तिथे ती पडती आहे असंच लिहीन.

पायाचं आधी बघू, कारण गैरसमज सगळ्यात जास्त तिथेच आहेत. पाया डळमळलेला नाही, कारण तो स्ट्रिंग थिअरीवर उभाच नाही. पुंजयांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आणि विशिष्ट सापेक्षता यांची सांगड १९४० च्या दशकाअखेरीस नीट बसली आणि त्यातून पुंजक्षेत्र सिद्धांत आकाराला आला. इलेक्ट्रॉन किती बळाचा चुंबक आहे, हे त्यातून काढता येतं. योग्य एककात तो आकडा १.००११५९६५२१८ असा सुरू होतो, आणि गणित व मोजमाप साधारण एक लाख कोटीत एक भाग इतक्या बारकाईने जुळतात. २०१२ मध्ये सापडलेला, सुमारे १२५ जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) वस्तुमानाचा हिग्ज कण याच चौकटीतला. दुसरीकडे सामान्य सापेक्षता, म्हणजे आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, बुधाच्या कक्षेतल्या शतकाला ४३ विकलांच्या फरकापासून ते २०१५ मध्ये टिपलेल्या गुरुत्वीय लहरींपर्यंत प्रत्येक परीक्षेत उतरली आहे. उद्या स्ट्रिंग थिअरी चुकीची ठरली, तरी यातलं एक अक्षरही खोडावं लागणार नाही.

पुंजयांत्रिकी आणि सामान्य सापेक्षता यांचं एकमेकींशी अजिबात पटत नाही, हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. कमी ऊर्जेला गुरुत्वाकर्षणावर पुंजयांत्रिकी खुशाल लावता येते. १९९४ मध्ये जॉन डोनोह्यू यांनी दाखवलं की न्यूटनच्या नियमात पुंजयांत्रिकीमुळे होणारी दुरुस्ती निःसंदिग्धपणे काढता येते. फक्त ती अतिशय लहान असते: दोन वस्तू एक मीटर अंतरावर असतील, तर दशांशचिन्हानंतर सत्तरएक शून्यं. घोडं अडतं ते प्लँकच्या ऊर्जेजवळ, म्हणजे सुमारे १० च्या १९ व्या घाताइतक्या जीईव्हीला. तिथे गणिताच्या प्रत्येक पायरीवर नवी अनंतता उगवते, आणि ती बुजवायला दर वेळी एक नवा, अज्ञात स्थिरांक लागतो. गोरॉफ आणि सान्योटी यांनी १९८५ मध्ये दुसऱ्या पायरीवरचा हिशेब प्रत्यक्ष करून ही अनंतता दाखवली. म्हणजे कृष्णविवराच्या पोटात किंवा विश्वाच्या पहिल्या क्षणी काय घडतं, हे आजच्या नियमांना सांगता येत नाही. उणीव आहे ती एवढीच, पण ती खरी आणि खोल आहे.

आता स्ट्रिंग थिअरी. ती गुरुत्वाकर्षणासाठी कुणी शोधली नव्हती, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते, कारण पुढचा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे. १९६८ मध्ये गाब्रिएले व्हेनेझियानो प्रबळ बलाने (अणुकेंद्र एकत्र धरणाऱ्या बलाने) बांधलेल्या कणांच्या टकरींचं कोडं सोडवत होते. त्यांना एक सूत्र सापडलं. दोनेक वर्षांत नांबू, नील्सन आणि ससकिंड या तिघांच्या स्वतंत्रपणे लक्षात आलं की हे सूत्र बिंदूसारख्या कणांचं नाही, कंप पावणाऱ्या लवचिक स्ट्रिंगचं आहे. पण या थिअरीतून एक नको असलेला कण बाहेर येत होता: वस्तुमान शून्य, स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) दोन. प्रबळ बलाच्या जगात असा कण नाहीच. तो काढून टाकायचा पुष्कळ प्रयत्न झाला आणि प्रत्येक वेळी थिअरीच मोडली. १९७३ मध्ये प्रबळ बलाचं खरं उत्तर क्वार्क-ग्लुऑनच्या सिद्धांतातून मिळालं आणि स्ट्रिंग अडगळीत गेली. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्झ यांनी, आणि वेगळेपणाने योनेया यांनी, उलटा विचार केला: हा कण नकोसा नाहीच, हा ग्रॅव्हिटॉन, गुरुत्वाकर्षण वाहून नेणारा कण, आहे.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून ते गणित जवळून दाखवते. अवघड वाटेल, पण यात मोजणीपलीकडे फारसं काही नाही.

फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, वस्तुमान नाही आणि तो दोनच प्रकारे डोलू शकतो: प्रवासाच्या दिशेला आडव्या असणाऱ्या दोन दिशांनी. क्षीण बल वाहणाऱ्या डब्ल्यू आणि झेड कणांना वस्तुमान आहे, म्हणून त्यांचे प्रकार तीन. कारण सोपं आहे. वस्तुमान असलेला कण तुम्ही थांबलेला कल्पू शकता, आणि थांबलेल्या कणाला तिन्ही दिशा सारख्याच. प्रकाशाला थांबवता येत नाही, त्यामुळे प्रवासाची दिशा कायमची वेगळी पडते. हेच काळासह डी मितींच्या विश्वात: वस्तुमान असेल तर प्रकार डी वजा एक, नसेल तर डी वजा दोन.

आता एक उघडी, दोन टोकांची स्ट्रिंग घ्या. ती फक्त आडव्या दिशांनी कंप पावते. अशा दिशा डी वजा दोन. तिच्या पहिल्या कंपनपातळीवर म्हणून डी वजा दोन अवस्था मिळतात, एकही जास्त नाही. म्हणजे सापेक्षता टिकायची तर या पातळीचं वस्तुमान शून्यच असलं पाहिजे. हे झालं एक बंधन. दुसऱ्या बाजूने वस्तुमानाचा वर्ग योग्य एककात थेट काढता येतो: पातळीचा क्रमांक, अधिक स्ट्रिंगच्या सर्व कंपनांची निव्वळ शून्यबिंदू ऊर्जा, म्हणजे कंपन शांत असतानाही पुंजयांत्रिकीमुळे उरणारी ऊर्जा. या ऊर्जेत एक अधिक दोन अधिक तीन अशी न संपणारी बेरीज येते. तिचा अनंत भाग सापेक्षतेच्याच अटीमुळे वेगळा काढून टाकावा लागतो आणि हाती राहतं वजा एक बारांश. ही हातचलाखी नाही. दोन धातूच्या पट्ट्यांमधलं कासिमिर बल अशाच प्रकारच्या शून्यबिंदू ऊर्जेतून येतं, आणि ते प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. प्रत्येक दिशेचा वाटा या बेरजेच्या निम्मा असतो, त्यामुळे तो वजा एक चोवीसांश होतो. पहिल्या पातळीचं वस्तुमान शून्य व्हायचं तर एक वजा, डी वजा दोन भागिले चोवीस, हे शून्य आलं पाहिजे. म्हणून डी बरोबर २६.

मी हे पहिल्यांदा वहीत केलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. अवकाशाला किती मिती असाव्यात, हे एखादा सिद्धांत स्वतःहून सांगतो, हे त्याआधी मी कुठेही पाहिलं नव्हतं. न्यूटनची यांत्रिकी किती मितींत चालते? कितीही. आइनस्टाइनची समीकरणं? कितीही मितींत लिहिता येतात.

आता स्ट्रिंगची टोकं जोडून बंद कडं करा. त्यावर लाटा दोन्हीकडून फिरतात, डावीकडे आणि उजवीकडे, आणि दोन्हींच्या २४ दिशा स्वतंत्र. पहिल्या पातळीवर अवस्था २४ गुणिले २४, म्हणजे ५७६. त्यांचे तीन गट पडतात: २९९, २७६ आणि १. यातला २९९ चा गट म्हणजे शून्य वस्तुमान आणि स्पिन दोन असलेला कण. तो कुणी घातलेला नाही. कंप पावणारी बंद स्ट्रिंग घेतली की तो येतोच. आणि असा कण इतरांशी सुसंगतपणे वागायचा असेल, तर कमी ऊर्जेला त्याला सामान्य सापेक्षतेचेच नियम पाळावे लागतात, हा निष्कर्ष स्टीव्हन वाइनबर्ग यांच्या १९६० च्या दशकातल्या कामातून आधीच हाती होता. आणखी एका बाजूनेही हे दिसतं. स्ट्रिंगला आधीपासून वक्र असलेल्या अवकाशात सोडा आणि तिचं गणित सुसंगत राहावं एवढीच अट घाला. अट म्हणून जे समीकरण समोर येतं ते आइनस्टाइनचं, १९१५ चं.

या २६ मितींच्या आवृत्तीत एक अस्थिर अवस्था आहे आणि इलेक्ट्रॉनसारखे कण मुळीच नाहीत. अतिसममिती (द्रव्याचे कण आणि बल वाहणारे कण यांची जोडी लावणारी सममिती) आणल्यावर दोन्ही अडचणी सुटतात आणि मिती १० उरतात. १९८४ मध्ये मायकेल ग्रीन आणि जॉन श्वार्झ यांनी दाखवलं की यातल्या घातक विसंगती एकमेकींना बरोबर छेद देतात, पण बलांची सममिती अगदी ठरावीक, ४९६ घटकांची असेल तरच. त्यानंतर या विषयाकडे लोटच आला.

अनंतता का जातात, हेही याच चित्रात आहे. बिंदू-कण एका ठिकाणी, एका क्षणी भेटतात; सगळी गडबड त्या एका बिंदूत. दोन बंद स्ट्रिंग जुळून एक होतात, तेव्हा काळाच्या ओघात तयार होणारा पृष्ठभाग विजारीसारखा दिसतो: दोन पाय, एक कंबर. पाय नेमके कुठे जुळले, याचं उत्तर प्रत्येक निरीक्षकाचं वेगळं, म्हणजे जुळण्याचा असा बिंदूच नाही. हिशेबाच्या पहिल्या पायऱ्या डोळ्यांत तेल घालून तपासलेल्या आहेत. मात्र सगळ्या पायऱ्यांची एकत्र बेरीज केली तर ती एका उत्तराकडे जात नाही. म्हणजे पायऱ्यांपलीकडची संपूर्ण व्याख्या लागते, आणि ती सर्वसाधारणपणे आजही आपल्याकडे नाही. १९९५ मध्ये एडवर्ड विटन यांनी मांडलं की दहा मितींच्या पाचही आवृत्त्या एकाच, अकरा मितींपर्यंत जाणाऱ्या सिद्धांताची वेगवेगळी रूपं आहेत. त्या मूळ सिद्धांताची समीकरणं अजून कुणी लिहिलेली नाहीत.

आता पडती बाजू.

१० मितींतल्या सहा आपल्याला दिसत नाहीत, म्हणून त्या अतिशय लहान गुंडाळलेल्या असाव्यात. कशा गुंडाळल्या यावर कोणते कण आणि कोणती बलं दिसणार हे ठरतं. १९८५ च्या सुमारास अनेकांना वाटत होतं की योग्य गुंडाळी एखादीच निघेल आणि इलेक्ट्रॉनचं वस्तुमान कागदावर काढता येईल. तसं झालं नाही. अशा शक्यतांचा अंदाज म्हणून १० चा ५०० वा घात हा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो. एवढ्या पसाऱ्यात आपलं विश्व नेमकं कुठलं, हे कसं ओळखायचं ते माहीत नाही. त्या काळी जी आश्वासनं उघडपणे दिली गेली, ती पुरी झाली नाहीत, आणि हे आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी आणखी स्पष्टपणे बोलायला हवं होतं. एलएचसी या कणांच्या टकरी घडवणाऱ्या, २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात अतिसममितीचे कण सापडतील, अशी मोठी आशा होती. ते आजवर सापडलेले नाहीत. ते तिथेच सापडले पाहिजेत असं थिअरी म्हणत नव्हती, हे खरं. पण सापडले असते तर आम्ही ते आमच्या बाजूने मोजलं असतं. म्हणून न सापडणंही मोजायला हवं.

अणूंनाही सिद्ध व्हायला शंभर वर्षं लागली, असा बचाव काही जण करतात. मला तो पटत नाही. डाल्टनचे अणू पहिल्या दिवसापासून रासायनिक संयुगांची प्रमाणं समजावून देत होते. स्ट्रिंग थिअरीने निसर्गात मोजलेल्या एकाही आकड्याचं असं स्पष्टीकरण अजून दिलेलं नाही.

थेट प्रयोग का नाही, याचं कारण मात्र साधं आहे. एलएचसीची ऊर्जा आणि प्लँकची ऊर्जा यांत एकावर पंधरा शून्यं इतकी तफावत आहे. ही भिंत पुंज-गुरुत्वाच्या प्रत्येक सिद्धांतापुढे आहे, एकट्या स्ट्रिंगपुढे नाही. क्वचित निसर्गच फट ठेवतो. २००९ मध्ये फर्मी दुर्बिणीने सातशे कोटींहून जास्त प्रकाशवर्षं दूरच्या एका गॅमा-स्फोटातला ३१ जीईव्हीचा फोटॉन टिपला; तो स्फोट सुरू झाल्यापासून एका सेकंदाच्या आत पोचला होता. प्लँकच्या पातळीवर अवकाश खडबडीत असून जास्त ऊर्जेचा प्रकाश त्यामुळे रेंगाळतो, असं सांगणाऱ्या काही कल्पना त्या एका फोटॉनने मोडीत काढल्या. स्ट्रिंग थिअरीत प्रकाशाचा वेग सहसा असा ढळत नाही, त्यामुळे ती यातून सुटली. पण सुटणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे.

मग मी तिला भौतिकशास्त्र का म्हणते? कृष्णविवरांमुळे. १९७० च्या दशकात बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांच्या कामातून कळलं की कृष्णविवराला एन्ट्रॉपी असते आणि ती प्लँकच्या एककात त्याच्या पृष्ठभागाच्या बरोबर एक चतुर्थांश असते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरासाठी हा आकडा १० च्या ७७ व्या घाताइतका येतो. खुद्द सूर्याची एन्ट्रॉपी याच्या तुलनेत नगण्य. पण एन्ट्रॉपी म्हणजे आतल्या अवस्थांची मोजणी. मग या अवस्था कुठल्या? आइनस्टाइनच्या समीकरणांत कृष्णविवर गुळगुळीत असतं, मोजायला काहीच नाही. १९९६ मध्ये स्ट्रोमिंजर आणि वाफा यांनी एका खास प्रकारच्या कृष्णविवरासाठी ही मोजणी केली. एका बाजूला स्ट्रिंग आणि ब्रेन (स्ट्रिंगची टोकं ज्यांना चिकटतात असे पडदे) यांच्या जुळण्या मोजल्या, दुसऱ्या बाजूला पृष्ठभाग काढला. सगळ्यात सोप्या उदाहरणात दोन्हीकडे एकच उत्तर येतं: २π गुणिले तीन पूर्णांकांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. तो एक चतुर्थांश आपोआप आला, कुठलाही गुणांक जुळवून घ्यावा लागला नाही.

एवढ्यावर योगायोग म्हणता आला असता. पण पुढे अशोक सेन आणि सहकाऱ्यांनी याच्या पुढच्या दुरुस्तीचा, पृष्ठभागाच्या लॉगॅरिदमच्या सहगुणकाचा, हिशेब केला. अतिसममितीच्या एका कुळात तो शून्य येतो आणि दुसऱ्यात वजा चार. गुरुत्वाच्या बाजूने काढा किंवा अवस्था मोजून काढा, दोन्ही कुळांत दोन्ही उत्तरं जुळतात. चुकीच्या चौकटीत असं जुळत नाही, असं माझं मत आहे. अर्थात ही कृष्णविवरं विशिष्ट विद्युतभाराची आणि अतिसममिती असलेली आहेत. आकाशात दिसणारी तशी नाहीत, आणि त्यांच्यासाठी इतकी अचूक मोजणी अजून जमलेली नाही.

याच वाटेवर १९९७ मध्ये हुआन माल्डासेना यांनी अटकळ मांडली की एका प्रकारच्या विश्वातलं संपूर्ण गुरुत्व हे त्याच्या कडेवरच्या, गुरुत्व नसलेल्या पुंजक्षेत्र सिद्धांताशी एकरूप असतं. कृष्णविवर बाष्पीभवन होऊन संपलं की आतली माहिती नष्ट होते का, या हॉकिंग यांच्या जुन्या प्रश्नाला यामुळे पहिल्यांदा धरायला जागा मिळाली, आणि २०१९ च्या गणितांनी माहिती टिकते या बाजूला आणखी वजन दिलं. याचा उपयोग गुरुत्वाबाहेरही झाला: क्वार्क-ग्लुऑनच्या तप्त रसाची अतिशय कमी चिकटता समजून घ्यायला हीच कल्पना हाताशी आली. तो स्ट्रिंग थिअरीचा पुरावा नाही, तिच्यातून निघालेलं हत्यार आहे.

माल्डासेनांचं ते विश्व मात्र आपलं नाही. आपल्या विश्वाचं प्रसरण वेग घेत आहे, हे १९९८ पासून माहीत आहे, आणि अशा विश्वासाठी स्ट्रिंग थिअरीत पक्कं, सर्वमान्य उत्तर नाही. २००३ मध्ये काचरू, कॅलोश, लिंडे आणि त्रिवेदी यांनी एक रचना दिली. ती टिकते की नाही यावर अजून वाद आहे. २०१८ मध्ये वाफा आणि सहकाऱ्यांनी उलटी अटकळ मांडली: या थिअरीत अशी स्थिर अवस्था असूच शकत नाही, म्हणून प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असली पाहिजे. दीर्घिकांची अंतरं मोजणाऱ्या डेसी सर्वेक्षणाने २०२४ आणि २०२५ मध्ये कृष्ण ऊर्जा बदलत असावी असे संकेत दिले आहेत, पण शोध म्हणण्याइतके ते पक्के नाहीत. ती स्थिरच निघाली तर ही अटकळ पडेल, थिअरी नाही. तरीही आकाशातल्या मोजमापावर आमच्यातला एक वाद अवलंबून आहे, ही स्थिती मला फार मोलाची वाटते.

या वाटेला यायचं का? गणिताची ओढ असेल आणि दहा वर्षांत प्रयोग आपल्या बाजूने निकाल देईल अशी अपेक्षा नसेल, तर या. आधी पुंजक्षेत्र सिद्धांत आणि सामान्य सापेक्षता पक्की करा; ही दोन्ही कुठल्याही शाखेत वाया जात नाहीत. लोकप्रिय लेखांवरून थिअरीच्या बाजूने किंवा विरुद्ध मत बनवू नका. वर दिलेलं उघड्या स्ट्रिंगचं गणित कागदावर करा, ५७६ चे तीन गट हाताने वेगळे काढा, आणि मग दहा मितींत, आठ आडव्या दिशा घेऊन, ६४ चे ३५, २८ आणि १ असे गट पडतात का ते बघा.